रमाबाईंनी केलेली सोय

रमाबाई रानडे हे नाव निघाले की बहुतेकांना न्यायमूर्तींची सुविद्य पत्नी आठवते. वाचणाऱ्यांना १९१० साली निघालेले 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक आठवते. २०१२ मध्ये 'उंच माझा झोका' ही मालिका लागली तेव्हा परकर-पोलक्यातली छोटी रमा तर आमच्या गोंडपिपरीतही घरोघरी जाऊन बसली. पण पती गेल्यानंतर रमाबाई आणखी तेवीस वर्षे जगल्या, आणि त्यांचे सर्वांत मोठे काम या तेवीस वर्षांतले आहे, हे फारसे कुणाच्या ध्यानात राहत नाही. त्या कामातला एक धागा परिचारिकांच्या शिक्षणाचा. तालुक्याच्या गावी आरोग्य सहायिका म्हणून माझी नोकरी गेली. उपकेंद्रावरच्या नर्सबाईंना शिकवायचे, शिकलेले विसरू द्यायचे नाही, नवे काही आले की ते त्यांच्या हातात बसवायचे, हेच माझे काम होते. त्यामुळे रमाबाईंकडे मी त्याच खिडकीतून पाहते. एका व्यवहारचतुर बाईने शिकणाऱ्या बायकांसाठी नेमके काय केले, एवढेच मला या चरित्रात शोधायचे आहे.

त्यांचा जन्म देवराष्ट्र्याचा, कुर्लेकरांच्या घरातला. देवराष्ट्रे आज सांगली जिल्ह्यात येते. मुलींना अक्षरओळख करून देण्याची चाल त्या घरात नव्हती. १८७३ मध्ये अकरा वर्षांच्या या निरक्षर मुलीचे लग्न एकतीस वर्षांच्या, नुकत्याच विधुर झालेल्या महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाले. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानड्यांनी वडिलांच्या हट्टापुढे मान तुकवून कुमारिकेशी लग्न केले म्हणून त्यांच्यावर टीका झाली, आणि ती योग्यच होती. पुढची हकीगत सर्वांना माहीत आहे. पतीने तिला शिकवायला घेतले आणि ती शिकली.

ही हकीगत आपण फार भराभर सांगून टाकतो. ती शिकली कशी, यापेक्षा शिकताना तिला राहावे लागले कसे, हे पाहिले पाहिजे. रानड्यांचे घर माणसांनी भरलेले होते आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना नव्या सुनेचे हे वाचनवेड मुळीच खपत नव्हते. दिवसभर घरातली कामे, रात्री पतीपाशी धडा आणि सकाळी उठून पुन्हा टोमणे. पुढे इंग्रजी शिकवायला मिस हरफर्ड आल्या. ख्रिस्ती बाईजवळ बसून आलेल्या सुनेचा विटाळ घरात चालणार कसा? त्यासाठी तिला अंगावर पाणी घ्यावे लागे. थंडी असो की अंगात कसर असो. धडा घरातच होता, शिक्षिका चांगली होती, नवरा पाठीशी होता. तरीही शिकणे म्हणजे रोजची परीक्षा होती, आणि ती पुस्तकातली नव्हती. धडा मिटल्यावर घरात परत पाऊल टाकताना ती सुरू होत असे.

१८८४ मध्ये पुण्यात मुलींच्या हायस्कुलासाठी खटपट चालली होती. त्या वेळी गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यापुढे रमाबाईंनी इंग्रजीत निवेदन वाचले. त्याच वर्षी शाळा निघाली, तीच पुढे हुजूरपागा म्हणून नावाला आली. सभेत टाळ्या आणि घरी अबोला, असा तो दिवस गेला. हा अनुभव त्यांच्या मनात खोल रुतला असावा. पुढे पंचवीस वर्षांनी त्यांनी जी संस्था उभी केली तिच्या रचनेत मला तो जागोजाग दिसतो.

कलकत्त्याची एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. १८८६ मध्ये सरकारी वित्त समितीचे सभासद म्हणून रानडे तिकडे होते. तिथे त्यांना बंगाली शिकण्याची हौस आली. पुस्तके आणली आणि सकाळी हजामत चालू असताना न्हाव्याला विचारून उच्चार सुधारून घेऊ लागले. एवढा मोठा माणूस न्हाव्यापाशी धडा घेतो, याची रमाबाईंना गंमतही वाटली आणि संकोचही. पण कळते त्याच्याकडून शिकावे, त्यात मान-अपमान कसला, हे पतीचे म्हणणे त्यांना पटले. मग त्यांच्याकडून रमाबाईही बंगाली शिकल्या. माझ्या नोकरीत मी नव्या डॉक्टरांना ही गोष्ट पुष्कळदा सांगितली आहे. पंधरा वर्षे उपकेंद्र सांभाळलेल्या नर्सबाईला बाळंतपणातले जे कळते ते विचारून घेण्यात कुणाची पदवी लहान होत नाही. काहींना ती गोष्ट आवडली, काहींना नाही. असो.

१८९३ मध्ये रानडे उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि बिऱ्हाड मुंबईला गेले. १६ जानेवारी १९०१ रोजी ते वारले. मूलबाळ नव्हते. रमाबाई पुण्यात परतल्या आणि काही काळ घराबाहेरच पडल्या नाहीत. बाहेर पडल्या त्या तुरुंगात आणि इस्पितळात जायला. येरवड्याच्या तुरुंगातल्या बायकांशी त्या नेमाने जाऊन बोलत बसत. इस्पितळातल्या रोग्यांना फळे, फुले, पुस्तके नेऊन देत. श्रीमंत घरच्या बाया अशी भेट देतात तशीच ही, असे कुणाला वाटेल. पण खाटेजवळ स्टूल ओढून वारंवार बसणाऱ्या माणसाला वॉर्ड कसा चालतो ते दिसू लागते. कोण पाणी देते, कोण देत नाही, रात्री हाकेला कोण येते, परक्या भाषेतल्या नर्सला आपले दुखणे सांगताना लुगड्याचा पदर तोंडात धरून बसलेली बाई कशी गप्प होते, हे सगळे दिसते. त्या काळी मोठ्या इस्पितळातल्या परिचारिका बहुतेक युरोपीय, अँग्लो-इंडियन किंवा देशी ख्रिस्ती असत. पांढरपेशा हिंदू घरातली बाई त्या पोशाखात दिसणे जवळजवळ अशक्यच.

याच सुमारास मुंबईत बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिदुमल या दोघांच्या मनात स्त्रियांसाठी एक आश्रयस्थान काढावे आणि हिंदी स्त्रियांना परिचारिकेचे शिक्षण द्यावे, असा विचार घोळत होता. त्यांनी रमाबाईंना मार्गदर्शन मागितले आणि १९०८ मध्ये मुंबईचे सेवासदन निघाले. या दोघांचा एक दूरचा धागा थेट लंडनला जातो. गिदुमलांनी लिहिलेल्या मलबारींच्या चरित्राला फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची प्रस्तावना आहे. नाइटिंगेलबाईंनी १८६० मध्ये सेंट टॉमस इस्पितळात परिचारिकांची शाळा काढली, ती सर्वांना ठाऊक असते. पण १८७२ पासून पुढे कितीतरी वर्षे त्या आपल्या शाळेतल्या आणि शाळा सोडून गेलेल्या परिचारिकांना दरवर्षाला एक अशी लांबलचक पत्रे लिहीत असत, हे कमी जणांना ठाऊक असते. शिकून झाले असे जिला वाटले ती मागे पडू लागली, हा त्या पत्रांतला वारंवार येणारा विचार. आणि त्यांच्या शाळेचे दुसरे वैशिष्ट्य असे की विद्यार्थिनींना राहायला इस्पितळातच स्वतंत्र निवास होता, त्यावर देखरेख होती. परिचारिकेचा धंदा म्हणजे बदनामी, हा विलायतेतलाही समज त्यांनी त्या निवासाच्या भिंतींनी मोडून काढला. मला वाटते, व्याख्यानांनी तो मोडला नसता.

२ ऑक्टोबर १९०९ रोजी पुण्याचे सेवासदन सुरू झाले. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर त्यात रमाबाईंच्या बरोबरीने राबले. प्रौढ स्त्रियांना लिहायला-वाचायला शिकवणे, शिवण-टिपण, शिक्षिकांचे वर्ग अशी कामे वाढत गेली. त्यांतच ससून इस्पितळात परिचारिका आणि सुईण म्हणून शिकायला बायका पाठवण्याचे काम सुरू झाले.

हे ऐकायला सोपे वाटते. पण त्या वेळच्या पुण्यातल्या ब्राह्मण घरातल्या विधवेला परिचारिका व्हायचे म्हणजे काय काय सोसायचे, याची कल्पना करून पाहावी. परजातीच्या रोग्याला हात लावायचा, मलमूत्र काढायचे, पुरुषांच्या वॉर्डात उभे राहायचे, रात्रपाळी करायची. बाळंतपण करणे हे तर तेव्हा खालच्या मानलेल्या जातींच्या बायकांचे काम, म्हणजे पिढ्यान्पिढ्या त्यांच्याकडून करून घेतलेले आणि तरीही हलके ठरवलेले. पाळी संपवून पहाटे घरी आलेल्या बाईला घरात घेणार कोण? स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर तिचे ताट वेगळे मांडले जाणार, आणि आठवडाभरात तिचे शिकणे बंद होणार. म्हणजे मिस हरफर्डच्या धड्यानंतरचे तेच पाणी, पण या खेपेला पाठीशी न्यायाधीश नवरा नाही.

रमाबाईंनी या प्रश्नाला उत्तर दिले ते वसतिगृहाचे. पुण्याच्या सेवासदनाची तीन वसतिगृहे झाली. त्यांतले एक वैद्यकीचे शिक्षण घेणाऱ्या मुलींसाठी आणि एक शिकाऊ परिचारिकांसाठी होते. सेवासदनाच्या इतिहासात हा तपशील एका ओळीत येऊन जातो. माझ्या लेखी रमाबाईंच्या साऱ्या कामाची किल्ली त्या ओळीत आहे. ससूनमध्ये शिकवायला डॉक्टर होते, खाटा होत्या, रोगी होते. शिक्षणाची वाण नव्हती. वाण होती ती शिकणाऱ्या बाईला रात्रपाळीनंतर निवांत झोपता येईल अशा खोलीची, विटाळ न मानता वाढलेल्या ताटाची, त्याच धंद्यातल्या चार सोबतिणींची, आणि नातेवाईक भांडायला आले तर दारात उभे राहून त्यांच्याशी बोलू शकेल अशा एका प्रतिष्ठित बाईची. ती प्रतिष्ठा रमाबाईंजवळ होती आणि त्यांनी ती बिनदिक्कत खर्च केली. न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नीच्या संस्थेत माझी सून आहे, असे म्हणायला मिळाले की सासरा गप्प बसतो. यात थोडा व्यवहार आहे, थोडा कावाही आहे. रमाबाईंना तो चांगला जमत असे.

याच्या नेमकी उलट गोष्ट त्याच काळात सरकारदरबारी घडत होती. १८८५ मध्ये लेडी डफरिन यांच्या नावाचा निधी निघाला. पुढे १९०३ मध्ये गावोगावच्या दायांना शिकवण्यासाठी व्हिक्टोरिया स्मारक शिष्यवृत्ती निधी उभा राहिला. पैसा होता, हेतू चांगला होता. पण दायांनी काम सोडून, पोरे सोडून वर्गाला येऊन बसायचे, परक्या बाईचे व्याख्यान ऐकायचे आणि परत जायचे, असा तो मामला. १९१८ मध्ये या निधीच्या वतीने निघालेल्या अहवालात ठिकठिकाणच्या डॉक्टर बायांनी आपल्या अडचणी मांडल्या आहेत. दाया येत नाहीत, आल्या तर टिकत नाहीत, टिकल्या तर घरी जाऊन जुनेच करतात. दोष दायांवर टाकणे सोपे होते आणि पुष्कळांनी तो टाकला. त्यांचा रोजगार बुडतो त्याचे काय, हा प्रश्न ज्यांना सुचला त्यांचे वर्ग थोडे तरी चालले.

आता आमच्याकडचे सांगते. गोंडपिपरी हा चंद्रपूर जिल्ह्याच्या टोकाचा तालुका. वैनगंगा ओलांडली की आष्टी, म्हणजे गडचिरोली जिल्हा. १९८२ पर्यंत तो सारा मुलूख एकच जिल्हा होता. दक्षिणेला तेलंगण. धाबा, तोहोगाव या बाजूच्या गावांत मराठी, तेलुगू, गोंडी सगळे कानावर पडते. पावसाळ्यात नाल्यांना पूर आला की काही गावे तुटतात. मलेरिया आहे, सिकलसेल आहे. अशा ठिकाणी उपकेंद्रावरची नर्सबाई हीच डॉक्टर, हीच औषधवाली आणि मध्यरात्री दार ठोठावले की हीच सुईण. तिने वीस वर्षांपूर्वी शिकलेल्यावर निभत नाही. औषधांचे डोस बदलतात, लसींचे वेळापत्रक बदलते, श्वास न घेणाऱ्या बाळाला वाचवण्याची रीत बदलते. म्हणून ट्रेनिंगे निघतात, आणि निघायलाच हवीत.

पण ट्रेनिंगचे पत्र आले की आमच्या नर्सबाईच्या मनात पहिला प्रश्न विषयाचा नसतो. मुक्कामाचा असतो. एकदा माझ्यासोबतची एक नर्सबाई नऊ महिन्यांचे मूल घेऊन अशा ट्रेनिंगला गेली. जिथे गेली तिथे मुलाला आत आणायची परवानगी नव्हती आणि राहायची सोय ज्याची त्याने करायची होती. मूल सांभाळायला नेलेली तिची सासू दिवसभर झाडाखाली बसून राहिली. दुसऱ्या दिवशी ती दोघी परत आल्या. तिच्या नावापुढे गैरहजर असा शेरा पडला. तो शेरा वाचून तिला शिकण्याची आवड नाही, असेच कुणालाही वाटले असते. माझ्या ओळखीतल्या सर्वांत हुशार नर्सबायांपैकी ती एक होती. पुढे एकवीस दिवसांच्या प्रसूतीच्या ट्रेनिंगला जाण्याची तिची पाळी आली, तेव्हा तिच्या वहिनीचे घर जवळ असलेले ठिकाण आम्ही मागून घेतले. तिथून ती शिकून आली आणि नंतर इतरांना शिकवू लागली. बदलले होते ते फक्त राहण्याचे ठिकाण.

महिन्याच्या सभेचेही तसेच. सभा म्हणजे अहवाल, आकडे आणि राहिलेल्या कामाबद्दल बोलणी. दुपारी तीननंतर सर्वांचे डोळे बसच्या वेळेकडे. त्यात शिकवायचे कधी? मग मी सभेच्या आधीचा तास धरला. लांबून येणाऱ्या दोघी-तिघींनी आदल्या संध्याकाळीच यायचे, माझ्याकडे जेवायचे, झोपायचे. सकाळी रबरी बाहुलीवर आणि श्वास देण्याच्या पिशवीवर हात फिरवायचा. त्यापेक्षा जास्त शिक्षण रात्री जेवताना होई. कुणाच्या हातून काय निसटले, कुणाला कशाची भीती वाटली, हे सभेत कुणी सांगत नाही. भाकरी खाताना सांगतात. रमाबाईंच्या वसतिगृहात रात्रपाळीहून आलेल्या शिकाऊ परिचारिका एकमेकींशी काय बोलत असतील, याचा अंदाज मला त्यामुळे थोडाफार करता येतो.

नदीपलीकडच्या गडचिरोलीत 'सर्च' संस्थेने १९९३ ते १९९८ या काळात ३९ गावांत जो प्रयोग केला त्याचा उल्लेख इथे हवा. थोडेफार शिकलेल्या गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले. नवजात बालकांचा मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरला. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते प्रसिद्ध झाले आणि २०११ पासून आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर ती पद्धत आली. लोक औषधांची आणि इंजेक्शनची चर्चा करतात. मला त्यातले दुसरेच काही महत्त्वाचे वाटते. दर पंधरा दिवसांनी डॉक्टर त्या बाईच्या गावात येत, तिचे काम पाहत, चुकले तिथे दुरुस्त करीत आणि पुढचे शिकवीत. शिकणारीला उठवून आणण्याऐवजी शिकवणाराच चालत गेला. रमाबाईंनी शिकणारीला राहायला जागा दिली, इथे तिला आपली जागा सोडावीच लागली नाही. वाट वेगळी, पण विचार एकाच बाजूने केलेला.

रमाबाईंच्या कामाला मर्यादा होत्या. सेवासदनाचे दार बराच काळ मुख्यतः पांढरपेशा, उच्चवर्णीय बायकांकडे पाहत होते. ज्या बायकांनी शतकानुशतके बाळंतपणे केली त्यांना त्या वसतिगृहात खाट मिळण्याची वेळ फार उशिरा आली, आणि आमच्याकडच्या गोंड सुईणींपर्यंत शिक्षण पोचले ते स्वातंत्र्यानंतर, दाई प्रशिक्षणाच्या सरकारी योजनेतून, तेही काही दिवसांचे. ज्यांना हलके म्हटले त्यांचे काम प्रतिष्ठितांनी शिकून घेतल्यावर ते उदात्त झाले, असा आक्षेप कुणी घेतला तर तो खोडता येत नाही. रमाबाईंच्या काळात, त्यांच्या घरात वाढलेल्या बाईकडून याहून किती अपेक्षा करायची, यावर वाद होऊ शकेल. माझे मत असे की त्यांनी निदान आपल्या घरातला विटाळ मोडला, आणि दुसऱ्यांच्या घरातल्या विटाळावर व्याख्याने देण्यापेक्षा ते अवघड असते.

पुढच्या वर्षांत त्यांची कामे वाढतच गेली. १९१३ मध्ये दुष्काळात त्या गुजरात-काठेवाडात गेल्या. मुलींना सक्तीचे प्राथमिक शिक्षण मिळावे म्हणून त्या भांडल्या. १९२१-२२ मध्ये मुंबई इलाख्यातील स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत त्या पुढे होत्या. वय साठीला आले होते. तरी आषाढी-कार्तिकीच्या यात्रेला सेवासदनाच्या स्वयंसेविका घेऊन त्या आळंदीला जात आणि यात्रेकरू बायकांची सोय पाहत.

१९२४ मध्ये त्या वारल्या तेव्हा सेवासदनाच्या निरनिराळ्या विभागांत हजारावर स्त्रिया शिकत होत्या. त्यांतल्या परिचारिकांपैकी बहुतेकींची नावे आज कुणाला सांगता येणार नाहीत. १९६२ मध्ये टपाल खात्याने रमाबाईंचे तिकीट काढले. त्यावर त्या एकट्याच आहेत.